क्लच दाबला कुणी?

इथले भुताटकीचे अनुभव मी रोज दुपारी गॅरेजमध्ये डबा खाता खाता वाचते. खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसते. ओसाड विहीर, पांढरी साडी, मागे वळून पाहू नका... अहो, वळून पाहा की! तेव्हा आज माझ्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

आमचं घर बौद्ध. भूतखेत, अंगारे, उतारे हे सगळं आमच्या आजोबांनीच उंबऱ्याबाहेर काढलं. माझे वडील – आबा – फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी धामणगाव बढ्यात, मोताळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला गॅरेज टाकलं. एखादं गिऱ्हाईक गाडीला लिंबू-मिरची बांधू लागलं की आबा म्हणायचे, "बांध बाप्पा, पण पहिले ऑइल पाह्य." त्यांची मी एकुलती एक पोर, रंजना. आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गॅरेज मी चालवते. पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे, पण मलकापूर-बुलडाण्याहून लोक जुन्या गाड्या घेऊन येतात ते "त्या बाईकडे". ही फुशारकी वाटत असेल तर आहेच फुशारकी.

आमची कामाची एक पद्धत होती, ती आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आबांचा उजवा... नाही, डावा गुडघा फौजेतच दुखावला होता. त्यांना गॅरेजच्या खड्ड्यात उतरता यायचं नाही. म्हणून खाली मी आणि वर सीटवर ते. इंजिन चालू असलं की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा आम्ही पान्याने बोलायचो. मी खालून चेसिसवर एक ठोका मारला की आबांनी क्लच दाबायचा. दोन मारले की गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. तीन म्हणजे झालं, न्यूट्रल कर. आणि तिसरा ठोका पोचला की आबा वरून टाच आपटायचे, दोनदा. म्हणजे कळलं. ही भाषा आम्हा दोघांचीच होती. आईलाही ती येत नव्हती.

आता जीप. आबांनी फौजेच्या लिलावातून आणलेली, चारही चाकांना ताकद जाणारी जुनी जीप. आणली तेव्हा तिच्यात इंजिनापेक्षा चिमण्यांची घरटी जास्त होती. आबांनी ती पुरती खोलून उभी केली आणि वस्तीला दिली – जयंतीच्या मिरवणुकीसाठी. तेव्हापासून दर एप्रिलात फोटो त्याच जीपवर. माणसाच्या चालीने, वस्तीतून निघून टेकाडावरच्या विहारापर्यंत. शेवटचा चढ असा आहे की रिकामा हातगाडा वर न्यायला दोघं लागतात. पण आमच्या जीपला आजवर कुणी धक्का मारलेला नाही. एकदाही नाही! आणि आबांनी एक पायंडा पाडला होता : ज्यानं गाडी दुरुस्त केली त्यानं चढावर तिच्या अगदी मागे चालायचं. बाकीचे लोक मग त्याच्या मागे. कामावर भरवसा असेल तर चाल, नसेल तर गाडी काढूच नको. आबांच्या नंतर ती जागा माझी झाली. त्या दिवशी मी पांढरी साडी नेसते (हो, पांढरी!) आणि चालते.

त्या वर्षी जयंती तोंडावर आली असताना यशवंतमामा जीप घेऊन आले. मामा म्हणजे आबांचे जिवलग दोस्त. मिरवणुकीत जीप नेहमी तेच चालवतात. उतरले ते तोंड पाडूनच.

"रंजू, चढावर गिअर सुटून राह्यला वो. पहिला टाकला का अर्ध्यात लिव्हर आपोआप न्यूट्रलले येते. गाडी मांगं सरकते."

मागे सरकणाऱ्या गाडीमागे काय असतं ते मला माहीत होतं. बायका, लेकरं आणि सगळ्यांत पुढे मी.

गिअर सुटतो त्याला ठरलेली कारणं असतात. आधी ऑइल काढून पाहिलं, त्यात लोखंडाचा चुरा नव्हता. वरचं झाकण उघडलं. गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा आणि गोळ्या बदलल्या. गिअर सरकवणारा फोर्क वाकलेला नव्हता, दात शाबूत. सपाट रस्त्यावर मोताळ्यापर्यंत चालवली तर काय सुरेख चालली! चढावर नेली आणि अर्ध्यात... टक्. लिव्हर न्यूट्रलला. मग अख्खा गिअरबॉक्स उतरवला, बेअरिंग बदललं, सगळं मापात बसवलं. पुन्हा चढ, पुन्हा टक्. इतका अपमान माझा कुठल्या माणसानेही कधी केला नव्हता.

जयंतीच्या आदल्या दुपारी अमोल आला. अमोल त्या वर्षीच्या जयंती समितीचा प्रमुख, कॉलेजात शिकवतो. जीप नटवायचं त्याच्याच मनात होतं. नवा रंग, सडलेल्या पत्र्याच्या जागी पायाखाली नवी जाड प्लेट, त्यावर काळी रबरी चटई – ते सगळं त्यानेच हौसेने आधी करून घेतलेलं. वरचं कापडही उतरवलं होतं, हार बांधायला.

"ताई, राग नका येऊ देऊ," तो म्हणाला, "पण मांगं लेकरं चालतात. मी एक पिकअप सांगून ठेवतो."

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

"संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हटलं. "नाही जमलं तर मीच तुला सांगीन."

तो समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. मी मामांना सीटवर बसवलं आणि म्हटलं, खालून ओरडले की क्लच दाबा. मनात एक गोष्ट होती. गिअर सुटतो तो ओझं पडल्यावरच, म्हणजे ओझं पडत असताना खालून पाहायला हवं. या जुन्या जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागेच असतो. तो ओढून ठेवायचा, पहिला टाकायचा, आणि क्लच असा सोडायचा की इंजिन दबलं पाहिजे पण बंद पडता कामा नये. गाडी जागची हलत नाही, तरी गिअरबॉक्सवर चढाइतकाच जोर येतो. मामांना ते कितपत साधेल याची मला शंका होती. आबांना ते फार छान साधायचं.

खड्ड्यात उतरले. इंजिन धडधडत होतं. दोनदा ओरडले, "मामा, क्लच!" काहीच हललं नाही. मामांना तसंही कमी ऐकू येतं. आणि मग हात आपसूक पान्याकडे गेला. कंटाळून, सवयीने, काय म्हणा... चेसिसवर एक ठोका मारला.

पेडलला जोडलेला क्लचचा फोर्क हलला. अर्धा. थांबला. मग पूर्ण दाबला गेला.

दोन ठोके मारले. गिअर पडला, क्लच सुटू लागला, आणि इंजिन असं दबलं, असं दबलं... पण बंद पडलं नाही. मी बॅटरीचा उजेड गिअरबॉक्सच्या वर टाकला. अख्खा गिअरबॉक्स डावीकडे कलत होता! इंजिनाखालचं डावीकडचं रबर दबून पापड झालेलं. आणि तो कलला की गिअरची लिव्हर त्या नव्या प्लेटच्या भोकाच्या कडेला टेकत होती. भोक सुबक दिसावं म्हणून चिंचोळं ठेवलेलं, वरून चटईने झाकलेलं. ती प्लेटच लिव्हरला रेटून गिअर काढत होती. लिव्हरवर घासल्याची चकचकीत रेघसुद्धा दिसली. गिअरबॉक्स बिचारा पहिल्यापासून निर्दोष!

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. खात्रीसाठी पुन्हा एकदा सगळं केलं : एक ठोका, दोन ठोके. दर वेळी क्लच तसाच, आधी अर्धा, मग थांबून पूर्ण. मग तीन ठोके मारले. न्यूट्रल झालं. आणि वरून टाच आपटल्याचा आवाज आला, दोनदा.

खरं सांगते, त्या क्षणी मला यात काहीच वेगळं वाटलं नाही. वर्षानुवर्षं काम असंच तर व्हायचं. मी खड्ड्यातून ओरडतच वर आले, "सापडलं!"

सीटवर कुणी नव्हतं.

मामा रस्त्यापलीकडे टपरीवर, अमोलशेजारी, हातात चहाचा ग्लास घेऊन. मी पळतच गेले.

"मामा, केव्हा उतरलात?"

"तू खड्ड्यात उतरली अन् अमोलनं हाक मारली. तुले सांगून आलो न वो, चहा घेऊन येतो म्हणून. काऊन, काय झालं?"

मी काही बोलायच्या आत अमोल म्हणाला, "ताई, तुमी खालून गिअर कसा काय टाकून राह्यल्या होत्या? आमी दोघं थेच पाहून राह्यलो होतो. लिव्हर पुढं जाय, मांगं येय. लय भारी!"

चारही बाजूंनी उघडी जीप, भर दुपारचं ऊन, आणि दोन धडधाकट माणसं तिच्याकडे टक लावून बसलेली. ज्यांना गाडीतलं कळतं त्यांना सांगायला नको, खालून लिव्हर हलवता येत नाही. क्लचचं पेडल तर नाहीच नाही. मी खाली बसले. तिथेच, टपरीच्या फळीवर. मामांनी मला त्यांचा चहा दिला. मग मी त्यांना विचारलं, "आबा क्लच कसा दाबायचे, आठवतं?"

"हाव. गुडघा दुखे न त्याचा. अर्धा दाबे, दम खाय, मंग पुरा दाबे." एवढं बोलून मामा माझ्याकडे पाहतच राहिले.

भोक ग्राइंडरने मोठं केलं. नवं रबर गॅरेजच्या फळीवर होतं, ते बसवलं. त्याच संध्याकाळी चढावर तीनदा चालवून पाहिली. लिव्हर जागची हलली नाही. अमोलला म्हटलं, पिकअपवाल्याला नको म्हणून कळव.

दुसऱ्या दिवशी जीप अशी नटली होती की नजर ठरत नव्हती. चढाच्या पायथ्याशी मामांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि माझ्या जागी, गाडीच्या अगदी मागे उभी राहिले. माझ्यामागे अख्खी वस्ती. जीप चढू लागली, एका सुरात, कुठेही न अडखळता. त्या अर्ध्या चढावर, जिथे रोज टक् व्हायचं तिथे, मी मागच्या चाकांवरची नजर काढली नाही. ती जागा गेली. विहार आला. धक्का न लावता! बायकांनी माझ्या अंगावर फुलं उधळली आणि मी रडले. लाज कसली? रडलेच.

मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. दोष मी शोधला, माझ्या हातांनी काढला. ते श्रेय मी कुणाला देणार नाही, आबांनाही नाही. पण क्लच दाबला कुणी? जयंतीनंतर मी ती जीप पुन्हा खड्ड्यावर घेतली. क्लचची केबल, पेडलची स्प्रिंग, लिव्हरचा प्रत्येक सांधा तपासला. काहीही ढिलं नाही. स्वतःहून हलेल असं त्यात काही नाही. एकटीने खूप ठोकेही मारून पाहिले. उत्तर आलं नाही.

हे आबांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच झापलं असतं : "असं काई नसते रंजू. नीट पाह्य."

नीट पाहिलं, आबा.