दहीभाताचं बोलावणं

त्या वर्षी पेठला देवींची साथ आली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरी माझा दरारा एवढा, की मांजरसुद्धा माझ्यादेखत दूध पिऊन जायचं.

नणंद माझ्याच वयाची. पण बोलणं, हट्ट, हसू सगळं चार वर्षांच्या पोरीचं. गाव तिला वेडी म्हणत नसे, देवीचं माणूस म्हणे. ज्या घरी देवी आल्या तिथे फोडणी बंद, आणि दुपारी गार दहीभाताचा नैवेद्य. तो खायला माझ्या नणंदेला बोलावत. कोपऱ्यावरच्या घरात पाच-सहा वर्षांची मुलगी तापाने पडली होती. तिच्या उशाशी बसून नणंद पोटभर जेवे. तिला पोचवायचं काम माझं. मी उंबऱ्याबाहेर थांबे. भर दुपारी गल्लीत ना धूर, ना माणूस. आतून फक्त तिचे भुरके ऐकू येत.

चौथ्या दिवशी तिला न्हाऊ घालताना माझा हात थांबला. माझ्या दंडावर लहानपणच्या लशीचे वण आहेत. तिचे दोन्ही दंड कोरे.

"वैनी, तुज्यावानी फुलं मला न्हाईत," माझे वण चाचपत ती म्हणाली.

सासूबाईंना विचारलं.

"टोचणारा दरसाल येतो. पण देवीच्या माणसाला कोण टोचंल? तोबी म्हणतो, ऱ्हाऊ द्या."

म्हणजे टोचलेले आम्ही सगळे उंबऱ्याबाहेर, आणि न टोचलेली एकटी आत. हे कळायला मला चार दिवस लागले, यावरून माझी हुशारी समजावी.

दुसऱ्या दिवशी टोचणारा चावडीवर बसला होता. सासूबाई मळ्यात गेल्याबरोबर 'जेवायला चल' म्हणून मी तिला तिकडे नेलं.

"हिला? सासूला इचारलं का?"

"त्यांनीच धाडलंय, भाऊ." आवाज असा चिरकला, की कुणीही खोटं ओळखलं असतं.

त्याने गुमान तिच्या दंडाला लस लावली, टोचणी फिरवली. डोळे मीच मिटले होते.

"भात कुटाय?" तिने विचारलं.

लस धरायला दिवस लागतात, आणि बोलावणी थांबेनात. दोन दिवस मी सबबीपुरतं तिचं पोट बिघडवलं, मग माझं. टोचल्यापासून आठव्या दिवशी तिला ताप आला. सासूबाईंनी चोळीची बाही वर सारली. दंडावर फोड टरारले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात माहेरचं गाठोडं बांधलं. तेवढ्यात दारातून हाक आली.

"आक्का, पोरीला धाडा. भात वाढलाय."

"न्हाई यायची," सासूबाई आतूनच म्हणाल्या. "आज न्हाई आन् उद्याबी न्हाई."

मग हलकेच मला म्हणाल्या, "आदी का न्हाई नेलीस गं तिला टोचाय?"

दोन दिवसांनी सकाळी कोपऱ्यावरची मुलगी गेली. नणंदेला आम्ही सांगितलं नव्हतं. दुपारी ती अंथरुणातून उठली.

"ती हाक मारती. जेवाय ये म्हणती."

मी दार उघडून पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसले. नणंद जवळ आली. माझ्या डोक्यावरून, बंद दाराकडे बघत, समजूत काढल्यासारखं म्हणाली, "न्हाई येत गं. वैनी सोडीना."

दंड सोडला तर तिला एकही फोड उठला नाही. पण त्या दाराकडे पाठ करून बसायला मला पुढे कितीतरी दिवस जमलं नाही.