काळा हार्नेस

माळ्यावरून आंब्याच्या रिकाम्या पेट्या काढताना खारट, कुबट रबराचा वास आला आणि हाताला आमचा जुना, अंगावर बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस लागला. आम्ही नवरा-बायको भाट्याच्या समुद्रात छोटी कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची होडी, चालवायचो. वारा वाढला की होडी कलंडू नये म्हणून मी कंबरेचा हुक डोलकाठीच्या तारेत अडकवून बाहेर, पाण्यावर झुकायचे. त्यासाठी यांच्या मित्राने मुंबईहून दोन हार्नेस पसंतीला पाठवले होते. मी लगेच लाल उचलला.

"अगो, साडी घेत्येस काय?" हे हसले. "आधी लटक, मग रंगाचं बोल."

अंगणातल्या हापूसच्या कलमाला त्यांनी दोर बांधला. लाल हार्नेसमध्ये दोन मिनिटांत मांड्या काचल्या. काळा दिसायला अगदीच ओबडधोबड, पण त्यात मी पाळण्यात बसावं तशी आरामात लोंबकळत राहिले. हे मागे उभे राहून पाठीचे पट्टे आवळत होते, पट्ट्याखाली तळवा सरकवून बघत होते, पुन्हा आवळत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू गडग्यापलीकडून ओरडल्या, "काय रे, बायकोला टांगलंस की काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, पुरे झालं. सोडा मला," मी चिडून म्हटलं.

त्यांना जाऊन चार पावसाळे झाले. आज घरात कुणी नव्हतं, तरी दार लोटून घेतलं आणि तो हार्नेस साडीवरूनच चढवला. पुढची बकलं लागली. पाठीच्या पट्ट्यांपर्यंत माझा हात पोचेना.