डावं चाक कुठून जातं

“मॅडम, पेशंट वर न्हाई उडत, बाजूला फेकला जाऊन राहिला,” सलीमभाई फोनवर तिसऱ्यांदा सांगत होते. आखाडा बाळापूरला आमची ट्रायलची अँब्युलन्स तेच चालवायचे. आदल्या दिवशी खुब्याचं हाड मोडलेली एक म्हातारी त्यांनी नांदेडला नेली होती. प्रत्येक स्पीडब्रेकरला ती ओरडत होती म्हणे.

फोन स्पीकरवर होता. आमचे हेड साने सर म्हणाले, “ड्रायव्हर नीट चालवत नसेल. मॉडेलमध्ये असं काही दिसत नाही.”

माझं डोकं सणकलं. पण मॉडेल माझंच होतं.

स्ट्रेचरखाली बसवायचा स्प्रिंगचा पाट आम्ही पुण्यात बनवत होतो. ब्रेकरवर पेशंटला किती हिसका बसेल, ते आधी कॉम्प्युटरवर बघायचं. त्यासाठी सॉफ्टवेअरला ब्रेकरचा आकार द्यावा लागतो. धारदार आकार दिला तर चाक एका क्षणात उडी मारतं आणि गणित बिथरतं. म्हणून कोसाइनची लाट वापरतात. हळूच चढ, गोल माथा, हळूच उतार. चार ओळींचा कोड. ग्राफ इतका गुळगुळीत आला की सरांनी तो प्रेझेंटेशनच्या पहिल्याच पानावर लावला. पाट पास झाला आणि ट्रायलला सलीमभाईंच्या गाडीत बसला. महिनाअखेर ऑर्डर निघाली की तोच पाट सगळ्या गाड्यांत बसणार होता.

मी तडक बाळापूर गाठलं आणि सलीमभाईंच्या शेजारी बसले. पहिला ब्रेकर आला तशी त्यांनी गाडी डावीकडे दाबली. पाणी वाहून जायला कडेला हातभर जागा सोडलेली असते, डावं चाक त्यातून गेलं. उजवं ब्रेकरवर चढलं. गाडी कलली, परत आली आणि मागचं रिकामं स्ट्रेचर खाडकन बाजूला आदळलं.

“असं काहून घेता?”

“मंग कसं घेणार? दोन्ही चाकं चढवली तर पेशंटला डबल तकलीफ. इथं समदे असंच घेतात. तुमी तर इकडच्याच, आपल्या गोरेगावच्या ना? तुमाला म्हाईत न्हाई व्हय?”

माहीत होतं. आधी सायकल, मग स्कूटी, मी जन्मभर त्याच फटीतून काढत आले. आणि कोड लिहिताना दोन्ही चाकं खुशाल एकदम वर चढवली. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

पुण्यात येऊन डाव्या चाकाला शून्य उंची दिली, लाट फक्त उजव्याला. पाट आडवा इतका सरकला की मलाच बघवेना.

“ही केस स्पेकच्या अटींत नाही,” साने सर म्हणाले. “ड्रायव्हरच्या सवयीसाठी ऑर्डर थांबवायची?”

“सर, बाळापूरला चला. त्या स्ट्रेचरवर झोपा. उठल्यावर ऑर्डरवर सही करा, मी एक शब्द बोलणार नाही.”

माझा आवाज चढला होता. अख्ख्या ऑफिसने ऐकलं. बहुधा म्हणूनच ते आले.

सर पट्टे बांधून स्ट्रेचरवर झोपले. सलीमभाईंनी गाडी नेहमीसारखीच काढली. पहिल्या ब्रेकरला सरांनी कठडा धरला. दुसऱ्याला म्हणाले, “अहो, जरा हळू.”

“हळूच हाय, साहेब. पेशंट असल्यावानीच चालवून राहिलो.”

तिसऱ्याच्या आधी त्यांनी गाडी थांबवायला लावली.

ऑर्डर थांबली. पाटाला बाजूचा हिसका जिरवणारे आडवे डॅम्पर बसले. रिपोर्टमध्ये सरांनी लिहिलं, ‘आमच्या टीमच्या लक्षात आले.’ मी ते खोडून सलीमभाईंचं नाव घातलं आणि ते राहणार हे ठरल्यावरच सही केली.

त्या म्हातारीला मात्र माझ्या पास झालेल्या पाटावरूनच नांदेड गाठावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही. एवढंच शिकले, की मॉडेल लिहिण्याआधी ड्रायव्हरला विचारावं, आणि त्याला तीनदा सांगायला लावू नये.