ड्रोन सावकाश वळला अन् म्हातारा घावला

बायांनो, आज आधी आली ती माझी नात, मागनं नातजावई ड्रोन घेऊन. माळावर चरणारी आमची मेंढरं वरनं दाखवणार म्हणून मी चहा ठेवायचाच इसरले.

पण ड्रोन वळला की व्हिडिओ नुसता झटके खायचा. मेंढरं कुटली, धोंडं कुटलं, कळंना. नातजावयानं सगळी बटणं दाबून बघितली.

नात म्हणाली, "अवो, किती भरकन फिरवताय? सावकाश वळवा की!"

मग लई झ्याक दिसलं. मेंढरं शेजाऱ्याच्या ज्वारीत, अन् "दिवसभर डोळ्यात तेल घालून राखतो" म्हणणारा आमचा म्हातारा बाभळीखाली आडवा!

घरी आल्यावर म्हणतो, "ते पुसा. पुन्यांदा काढा."

मी म्हटलं, "ते तर आमच्या बायांच्या ग्रुपवर गेलं."

तुमचे मालक असंच राखत्यात व्हय गं?

म्हातारा आत्तापासनंच जागा हाय. पोरं रविवारी ड्रोन घेऊन परत येतो म्हणालीत.