मेंढरांनी सोडलेली फुलं

फुलं दाखवायची माझी नोकरी आहे, आणि फुलं बघायला येणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नळदुर्गकडच्या आमच्या माळाला तारेचं कुंपण घालून तो राखीव केला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून येतात आणि मी त्यांच्या पुढं चालतो. नोकरी कंत्राटी. नव्यानं आलेल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुझ्या घरची मेंढरं आत दिसली, तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस." घरची मेंढरं म्हणजे माझ्या वडिलांची. साहेबांनी वडिलांना कधी पाहिलेलं नव्हतं.

त्या मे महिन्यातल्या सकाळी साहेब स्वतः पाहुणे घेऊन आले. आठ वाजताच ऊन डोक्यात शिरत होतं. तरवड पिवळाधमक, रुईला जांभळट गुच्छ, पायाशी भुईरिंगणीची निळी फुलं. साहेब म्हणाले, "कुंपण घातलं म्हणून हे सगळं फुललं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, ही फुलं पहिल्यापासून इथंच आहेत. मेंढरू तरवडाला तोंड लावत नाही, रुईला लावत नाही, आणि रिंगणीचे काटे कोण खाणार? मेंढक्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण मी "व्हय साहेब" म्हणालो, आणि टोपी घातलेल्या एका बाईंच्या वाटेतली बाभळीची फांदी धरून उभा राहिलो. माझी मलाच चीड आली.

तळ्याच्या वळणावर मेंढरं दिसली. बाहेरचे पाणवठे आटले होते, म्हणून वडिलांनी तार वर उचलून कळप आत घेतला होता. मला त्यांचाही संताप आला. सकाळी चहा पितानाच सांगितलं होतं, आज तेवढं येऊ नका म्हणून.

"कोणाची मेंढरं ही?" साहेबांनी मला विचारलं.

"माहीत न्हाय," मी म्हणालो, आणि वडिलांवर ओरडलो, "ओ मामा, काढा बाहेर. पाटी दिसत न्हाय का?"

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. काठी उचलली. तेवढ्यात आमचं कुत्रं कळप सोडून धावत आलं आणि माझ्या छातीवर पाय ठेवून तोंड चाटायला लागलं. मी त्याला लाथ घातली. ते केकाटलं, आणि पुन्हा शेपटी हलवत पायाशी आलं. साहेब माझ्याकडं रोखून बघायला लागले.

वडील पुढं आले. डोक्याचा पटका काढून साहेबांसमोर वाकले.

"चुकी झाली, साहेब. कुत्रं लई लाडावल्यालं हाय. कुणाच्याबी अंगावर जातं." मग माझ्याकडं वळून त्यांनी हात जोडले. "तुम्हाला कुठं लागलं तर न्हाय ना, साहेब?"

मी मान हलवली आणि पाहुण्यांना पुढचा बहावा दाखवायला घेऊन गेलो.