तिची वेणी मी घातली

कॉमिकमधली ती मला पहिल्याच पानावर आवडली आणि पहिल्याच पानावर तिचा रागही आला. ती उडायची, भिंती फोडायची, गुंडांना उचलून भिरकावायची. सगळं झकास. पण केस मोकळे! कमरेपर्यंतचे केस सोडून ही बया चालू यंत्रांच्या कारखान्यात लढत होती. निजामपुऱ्यात आमच्या घराखालीच कापड विणायचे लूम चालायचे. तिथलं शेंबडं पोरही सांगेल, केस सोडून यंत्राजवळ जायचं नसतं.

माझ्या आईला तर हे कोणी सांगायची गरजच नव्हती. ती कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. एकदा ती वाकली आणि तिची लांबसडक वेणी यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात गेली. बटणापर्यंत कोणी पोचायच्या आत तिने गळ्यात लटकणारी धागे कापायची कैची उचलली आणि मानेजवळून वेणी कापून टाकली. जीव वाचला. पण गल्लीतल्या बायकांना जिवाचं काय कौतुक! सवाष्णीने केस कापले, हेच दळण. तेव्हापासून आई डोक्यावरून पदर घट्ट ओढूनच बाहेर पडायची आणि हळदीकुंकवाला तर जायचीच नाही. त्या बायकांची मला भयंकर चीड यायची.

तर मी बॉलपेन घेतलं आणि पानोपानी त्या नायिकेची घट्ट वेणी घातली. पाठीवर फडफडणारा तिचा झगा कमरेला खोचून दिला. आता कशी लढाईला निघालेली दिसत होती! शेवटच्या चित्रात ती दुष्टाच्या पोलादी पिंजऱ्यात अडकली होती. पुढचा भाग शेवटचा.

पण कॉमिक होतं भाड्याचं. नाक्यावरच्या दुकानातल्या चाचांनी ते उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"ये क्या हाल कर दिया किताब का? अब आखरी भाग नहीं मिलेगा, जाओ!"

मी रडले नाही, पण जेवण काही गोड लागेना. ती पिंजऱ्यात आणि मी घरात. मग शाळेत मी मैत्रिणींना वेण्यांची गोष्ट रंगवून सांगितली. झालं! एकेक पोरगी चाचांच्या दुकानात जाऊन "वो चोटीवाली दो" म्हणू लागली. शेवटी चाचांनीच मला रस्त्यातून हाक मारली. शेवटचा भाग हातात ठेवला आणि म्हणाले, "यहीं पढ़ो. और पेन बस्ते में रखो."

मी उभ्या उभ्याच वाचायला लागले. ती पिंजरा तोडून निघाली, आणि दुष्टाने मागून तिचे केस पकडले.

"सांगितलं होतं हिला!" मी दुकानात ओरडले. चाचा दचकले.

पान उलटलं. तिने जमिनीवरचं पातं उचललं आणि केस कापले. अगदी मानेजवळून. सुटली, वळली आणि त्या दुष्टाला असा हाणला की पुढचं अख्खं पान त्यातच गेलं. शेवटी चौकात सगळं शहर जमलेलं.  चाचांना न विचारताच मी कॉमिक घेऊन घरी पळत सुटले.

आईने हात पुसले आणि केस कापतानाची ती दोन चित्रं नीट बघितली. मग हळूच विचारलं, "हिला कुनी नावां ठेवली न्हाय का गो?"

"न्हाय! सगली टाल्या वाजवतात, ही बघ!"

 त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि संध्याकाळी आई पदर खांद्यावर घेऊन, आखूड केसांत गजरा माळून निघाली. मी मागोमाग. शेजारच्या घरात पाऊल ठेवताच सगळ्या बायका आमच्याकडे वळल्या. एकीने तिच्या मानेकडे बघून तोंड उघडलं.

त्या बाईचा शब्द फुटायच्या आत आईने हात पुढे केला.

"जित्ती हाय ना मी? मंग दे तिलगूल."