रुमालातली कात्री

आमच्या समोरच्या सुमनताई कपडे शिवतात. नागपंचमीला मात्र त्यांची कात्री रुमालात गुंडाळून देवापुढे असते. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मेली, म्हणून या दिवशी नांगरायचं नाही, काही चिरायचं-कापायचं नाही. आज मी तिथे असताना एक बाई हटूनच बसल्या.

"एवढा ब्लाउज बेतून द्या हो. इथं दुसऱ्या मजल्यावर कुठला आलाय नाग?"

सुमनताईंनी त्यांच्या हातावर पुरणाचं वाफवलेलं दिंड ठेवलं. "त्या शेतकऱ्यालाही पिल्लं दिसली नव्हतीच की!"

बाई कापड घेऊन निघून गेल्या. मला मात्र आपल्या माणसांचा केवढा अभिमान वाटला! कुणा एकाच्या हातून नकळत जीव गेले, आणि आपण सगळे अजून वर्षातून एक दिवस हात आवरतो.

घरी आले आणि चिरायला काढलेली भेंडी मुकाट्यानं परत ठेवली.